वणव्यापासून गावचे जुने घर राखणे: साफसफाई कुठून सुरू करावी, किती करावी, काय टाळावे

गडगा_मुलुंड
देवरुखच्या वरच्या अंगाला जांभ्याच्या चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे जुने घर आहे. ओटी-पडवीचे खांब आणि तुळया सागाच्या. मागे गोठा. पश्चिमेला खाली उतार, त्यावर कमरेइतके वाळलेले गवत आणि करवंदीच्या जाळ्या, त्याखाली काजू. आवार दीड एकर. गणपती आणि मे महिना सोडला तर घर बंद असते. जानेवारी निम्मा झाला आणि समोरच्या डोंगरावर दोनदा जाळ दिसल्याचे गावातून कळले. एक सल्ला असा की जेसीबी लावून सगळे सपाट करा, दुसरा असा की आपणच गवत पेटवून मोकळे व्हा. घर वाचायला हवे आणि त्याचे जुनेपणही. कोणत्या क्रमाने, किती अंतरापर्यंत काय करावे?

चिरेबंदी_परळ
दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. कारणे खाली देतोच, आधी क्रम.

काम घरापासून बाहेर करत जायचे. बहुतेक जण उलटे करतात: कुंपणाशी मोठा जाळपट्टा (आग अडवायला साफ केलेली पट्टी) काढतात आणि कौलांवरचा पाचोळा तसाच राहतो. घर बहुधा ज्वाळांच्या भिंतीने पेटत नाही. वाऱ्यावर आलेली ठिणगी पन्हळीतल्या सुक्या पानांत किंवा वळचणीखालच्या घरट्यात पडते, नाहीतर जमिनीवरचा जाळ पाचोळ्यावरून सरपटत भिंतीला टेकलेल्या लाकडांपर्यंत येतो. जॅक कोहेन या अमेरिकी वनसेवेतल्या शास्त्रज्ञाने हे प्रयोगांनी दाखवले. मोठे झाडांचे जंगल पेटले तरी शंभर-सव्वाशे फुटांपलीकडून नुसत्या धगीने लाकडी भिंत पेटत नाही. घराचे भवितव्य त्याच्या अंगाला आणि अंगणाला काय चिकटले आहे यावर ठरते. आपल्याकडचा वणवा तर मुख्यतः गवताचा आणि पाचोळ्याचा, म्हणजे जमिनीलगतचा. म्हणून हे इथे अधिकच लागू पडते.

पहिला पट्टा भिंतीपासून पाच फूट. यात जळणारे काही नको. लाकूडफाटा, झाप, सुक्या करवंट्या, कुंड्यांची वाळकी रोपे, प्लास्टिकची खुर्ची, पायपुसणे, सगळे उचला. जुनी पागोळीची फरसबंदी किंवा चिऱ्यांचे जोते असेल तर ते फक्त झाडून घ्या. माती असेल तर खडी पसरा, सिमेंटचा कोबा करू नका. कोब्याखाली अडकलेले पावसाचे पाणी जांभ्याच्या भिंतीत चढते आणि काही वर्षांत आतला गिलावा सुटतो.

दुसरा पट्टा पाच ते तीस फूट. गवत चार बोटांवर कापायचे, उपटायचे नाही. तिसरा तीस ते शंभर फूट. तिथे विरळणी: जाळ्या तोडून तुटक झुडपे ठेवायची, झाडांच्या खालच्या फांद्या उतरवायच्या.

अंदाजासाठी: घर ४० बाय ३० फूट धरले तर चहूबाजूंनी तीस फुटांचा पट्टा आठ हजार चौरस फुटांच्या आत बसतो. विळ्याने दोन माणसांचे दोन दिवसांचे काम. शंभर फुटांपर्यंत गेलात तर साधारण सव्वा एकर होते, म्हणजे तुमचे जवळजवळ सगळे आवार. यंदा वेळ कमी आहे, तेव्हा पहिले दोन पट्टे पूर्ण आणि तिसऱ्यात फक्त पश्चिमेचा उतार.

रानपाखरू_बोरिवली
पश्चिमेचा उतार आधी का, ते सांगते. आग चढणीला धावते. उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, वीस अंशांना चौपट. ज्वाळा वरच्या गवताकडे कललेल्या असतात, ते आधीच तापून कोरडे होते. त्यात कोकणात दुपारी खारे वारे पश्चिमेकडून येतात आणि उतारावरची तापलेली हवाही वरच चढते. दुपारी बारा ते पाचच्या दरम्यान खालच्या काजूत लागलेली आग थेट तुमच्या पडवीकडे तोंड करून येणार. म्हणून उताराच्या बाजूला अंतर दीडपट ते दुप्पट धरा, वरच्या बाजूला कमी चालेल.

रात्री वारा उलटतो, मतलई वारे डोंगराकडून समुद्राकडे वाहतात. संध्याकाळी वरच्या बाजूला धुमसत राहिलेला ओंडका पहाटे खाली घरंगळतो. म्हणून वरची बाजू अगदीच सोडू नका.

मुंबईत बसून धोक्याचा दिवस ओळखायची एक खूण आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेचे कोरडे वारे दुपारपर्यंत टिकतात, खारे वारे उशिरा सुरू होतात आणि सांताक्रूझचा पारा एकदम चढतो. त्या दिवशी किनारपट्टीच्या मागच्या डोंगरांतही गवत कुरकुरीत झालेले असते. तेव्हा गावी कोणाला तरी फोन करून घराभोवती फेरी मारायला सांगा आणि आवारात कापणी, वेल्डिंग, जाळणे यांतले काही होऊ देऊ नका.

गडगा_मुलुंड
आभारी आहे. जेसीबी नको असे म्हणालात, पण करवंदीच्या जाळ्या हाताने निघतील का? आणि गवत मारायचे औषध फवारले तर?

चिरेबंदी_परळ
औषध तर मुळीच नको. फवारलेले गवत मरते, पण उभेच राहते. म्हणजे तुम्ही पैसे देऊन वाळलेले सरपण तयार करता. काही जण अंगणात मीठ टाकतात, ते त्याहून वाईट. जांभा सच्छिद्र असतो. मीठ पाण्याबरोबर चिऱ्यात चढते, कोरड्या दिवसांत आत स्फटिक धरते आणि चिऱ्याचा पृष्ठभाग भुगा होऊन झडू लागतो. ते मीठ पुन्हा बाहेर काढणे जवळजवळ अशक्य.

जेसीबीचे तीन तोटे. जुन्या घराचा पाया उथळ असतो, चुन्यात किंवा नुसत्या मातीत बसवलेला. यंत्राचा भार आणि हादरा पायाजवळ नको, निदान तीस फूट दूर. दुसरे, जुन्या आवारात जमिनीखाली काय आहे हे वरून दिसत नाही: पडलेल्या माजघराचे जोते, पाखाडीच्या पायऱ्या, तुळशीवृंदावनाचा चौथरा, विहिरीकडून येणारा दगडी पाट. बकेटने एकदा ओरबाडले की ते गेले. तिसरे, उतारावरची माती उघडी पडते आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाते. वणव्यापासून वाचवलेले घर दरडीच्या तोंडी देऊ नका.

जाळ्या हातानेच काढा. आकडीने वरची पसर ओढून घ्यायची, कोयत्याने बुडखा जमिनीपासून वीतभर ठेवून तोडायचा, मुळे तशीच ठेवायची. मुळेच उतार धरून ठेवतात. सगळ्या तोडायच्याही नाहीत. दहा-बारा फुटांवर एक असे तुटक झुबके ठेवले की आग एकातून दुसऱ्यात सहज उडी घेत नाही आणि करवंदेही मिळतात. घाणेरी आणि रानमोडी ही रानटी झुडपे मात्र तीस फुटांच्या आत एकही नको. दोन्ही वाळल्या की भडकतात, आणि घाणेरी झाडावर चढून जमिनीवरचा जाळ शेंड्यापर्यंत नेते.

आंबराई_दादर
कापलेल्याचे करायचे काय, हा खरा प्रश्न असतो. आवारात ढीग लावून ठेवला तर काम न केल्यासारखेच, उलट सरपण एका जागी आले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत हिरवे-पिवळे असताना कापले तर गुरेवाले स्वतः कापून नेतात, मजुरीही लागत नाही. जानेवारीत ते राठ झालेले असते, तरी विचारून पाहा. उरलेले शंभर फुटांपलीकडे खड्ड्यात टाकून वर मातीचा थर द्या, पावसाळ्यानंतर खत होते. आंब्याच्या आळ्यात आच्छादन म्हणून घालायचे असेल तर घरापासून लांबच्या झाडांना, आणि बुंध्यापासून दोन फूट सोडून. घरालगतच्या झाडांची आळी मे संपेपर्यंत उघडी बरी.

पेंढ्याची उडवी हा सगळ्यात दुर्लक्षित धोका. ती गोठ्याला खेटून असते आणि गोठा घराला. उडवी शंभर फुटांवर हलवा. जागा नसेल तर निदान वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे घराच्या पूर्वेला, आणि तिच्याभोवती दहा फूट मोकळी माती.

रानपाखरू_बोरिवली
झाडांबद्दल घाई करू नका. आंबा, फणस, कोकम यांची हिरवीगार मोठी झाडे घराभोवती असतील तर ती ढालच आहेत. ठिणग्या त्यांच्या पानोळ्यात अडकून विझतात, वाऱ्याचा जोरही तुटतो. फक्त बुडाशी पाचोळा साचू द्यायचा नाही, खालच्या फांद्या सहा-सात फुटांपर्यंत उतरवायच्या आणि कौलांवर आलेली फांदी दहा फूट मागे घ्यायची. झाड लहान असेल तर उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त छाटू नका. पानगळीचा साग मात्र जानेवारीपासून ताटाएवढी सुकी पाने टाकतो. ती वाऱ्याने उडून नेमकी वळचणीत येतात, म्हणून सागाच्या बाजूला झाडणे दर आठवड्याला. बांबूच्या बेटातले मेलेले कळक आणि बुडाची सोपटे काढून टाका. सुरू आणि निलगिरी घराजवळ असेल तर अधिक सावध, एकीच्या काड्यांचा गादीसारखा थर साचतो आणि दुसरीच्या पानांत तेल असते.

तोडायचे असेल तर आधी परवानगी. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ खाली साग, खैर, ऐन, आंबा, फणस अशी झाडे खासगी जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सातबाऱ्यावर खासगी वनाचा शेरा आहे का हेही पाहा, असेल तर नियम आणखी कडक आहेत. गवत, घाणेरी, रानमोडी काढायला त्या कायद्याची अडचण नाही.

आवाराला लागून देवराई असेल तर तिला हात लावू नका. दाट सावलीतली ओलसर देवराई सहसा पेटत नाही. तिची कड विरळ केली की ऊन आणि वारा आत शिरतो, गवत वाढते आणि मग तीच पेटू लागते.

गिरणगाव_७८
पण गवत पेटवून पट्टा करणे ही तर जुनी रीत आहे. वनखातेही जाळरेषा काढतेच की.

रानपाखरू_बोरिवली
दादा, वनखाते जाळरेषा काढते तेव्हा आधी पट्ट्याच्या दोन्ही कडा कापून, पाचोळा ब्लोअरने किंवा खराट्याने बाजूला करून मातीची रेघ उघडी करतात. मग मधले गवत वारा पडलेला असताना, माणसे दोन्ही बाजूंना उभी करून जाळतात. ते काम मोसमाच्या सुरुवातीला होते, गवत पूर्ण वाळायच्या आत. दोन माणसे आणि एक काडेपेटी घेऊन जानेवारी-फेब्रुवारीत तेच केले की तो वणवा होतो. कोकणातले कितीतरी वणवे असेच सुरू होतात: बागेचा पाला जाळताना, राब (भाताच्या रोपांसाठीची जमीन) भाजताना, चांगले गवत फुटेल या समजाने डोंगर पेटवताना. शेजारी राखीव वन असेल आणि आग तिथे गेली तर भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे.

चिरेबंदी_परळ
आणि जुन्या बांधकामाच्या बाजूने: चिऱ्याच्या भिंतीलगत, जोत्यावर किंवा गडग्याजवळ (आवाराच्या दगडी कुंपणाजवळ) जाळलेच जाऊ नये. जांभ्यातल्या लोहखनिजात बांधलेले पाणी अडीचशे-तीनशे अंशांना निघून जाते, दगड लालभडक होतो आणि वरची पापडी सुटते. चुन्याचा गिलावा तडकतो. तापलेल्या दगडावर थंड पाणी ओतले तर त्याहून जास्त तडकतो. आग विझवताना पाणी जळत्या वस्तूवर मारा, तापलेल्या भिंतीवर नको. भिंत आपोआप निवू द्या.

गडगा म्हणजे तयार जाळरेषा आहे, तिचा उपयोग करा. दोन्ही अंगांना सहा-सहा फूट गवत कापा, फटींतला पाचोळा खराट्याने बाहेर काढा. दगड हलवू नका, गडगा बिनमालाचा असतो, एक चिरा काढला की तीन सुटतात. हात घालण्याआधी काठीने ठोका. फटींत फुरसे असते, गमबूट आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय हे काम नाही.

नागदेवी_लोहार
आता छपराकडे वळू, कारण जमीन कितीही साफ केली तरी ठिणगी वरून येते.

मंगलोरी कौल स्वतः जळत नाही. जळतात कौलांखालच्या रिपा (लाकडी पट्ट्या), आणि ठिणगी शिरते ती तीन ठिकाणांहून: फुटलेले किंवा सरकलेले कौल, आढ्यावरच्या कोन्यांखालची (माथ्यावरच्या वळणदार कौलांखालची) पोकळी आणि वळचणीला कौलाच्या लाटेखाली राहणारी फट. नळ्यांची जुनी कौले असतील तर फटी दुप्पट धरा. माळ्यावर भरदुपारी दिवा न लावता उभे राहिले की जिथून उजेड दिसतो ती प्रत्येक जागा खडूने खुणावा. फुटकी कौले बदला, कोन्यांचे सांधे चुना-वाळू एकास तीन या मालाने भरा. सिमेंट वापरले तर पुढच्या वेळी कोना काढताना खालचे कौलही फुटते.

वळचणीला जाळी. भोक तीन मिलिमीटरपेक्षा मोठे नको. बाजारात ‘८ मेश, २२ गेज, स्टेनलेस ३०४’ असे सांगा, त्याचे भोक अडीच मिलिमीटरच्या आसपास येते. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) जाळी कोकणच्या हवेत काही पावसाळ्यांत गंजते, नायलॉनची डासांची जाळी आगीच्या धगीने वितळते. ४० बाय ३० च्या घराला वळचणीची लांबी सुमारे १४० फूट. तीन फूट रुंदीच्या गुंडाळीतून नऊ इंची चार पट्ट्या निघतात, म्हणजे ३५ फूट जाळी लागते, कापाकापीला धरून ४० घ्या. नागदेवी स्ट्रीटला सुटी मापून मिळते, कापूनही देतात. तिथेच पट्ट्या करून घ्या, गावी हात कापतात.

जाळी थेट जुन्या कोरीव फळीत ठोकू नका. अल्युमिनियम पट्टीच्या चौकटीत बसवा आणि चौकट वाशांना स्टेनलेस स्क्रूने धरा. पुढे काढता आली पाहिजे. आणि कोणी म्हणेल वळचण मातीने बंदच करून टाका, तर तसे करू नका. पावसाळ्यात माळ्यावरची ओल बाहेर जायची वाट तीच आहे. ती बुजवली की वाशांना बुरशी आणि वाळवी.

चिरेबंदी_परळ
जाळीबद्दल पूर्ण सहमत. भर एवढीच की मार्च ते मे जाळीवर पाचोळा साचतो आणि जाळीच पेट घेण्याची जागा होते, महिन्यातून एकदा ब्रशने झाडा.

सागाच्या खांबांना आगरोधक रंग द्यावा का, असे पुढे कोणी विचारेल. जुन्या कोरीव लाकडावर नको. तो थर परत निघत नाही आणि आतली ओल कोंडतो. माळ्यावरच्या न दिसणाऱ्या वाशांना बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचे द्रावण देता येते, वाळवीलाही आवर बसतो. मात्र ते पावसात धुपते, म्हणून बाहेरच्या लाकडाला उपयोग नाही. उकळलेले जवसाचे तेल द्यायचे असेल तर पावसाळा संपताच द्या. आणि तेल पुसलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नका. ते हवेतला प्राणवायू घेत आपोआप तापतात आणि काही तासांत स्वतःच पेटतात. बंद घरात याहून वाईट काही नाही. बोळे पाण्यात बुडवा किंवा उन्हात सुटे पसरून वाळवा.

गडगा_मुलुंड
पाण्याचे काय करावे? विहीर आहे, विजेची मोटर आहे. पेट्रोलवर चालणारा दोन इंची पाण्याचा पंप घ्यावा असे सुचवले आहे.

नागदेवी_लोहार
विजेच्या मोटरवर भिस्त नको. वणव्यात पहिली वीज जाते, तारा जळून किंवा खबरदारी म्हणून बंद करून.

दोन इंची पंप मिनिटाला पाचशे-सहाशे लिटर फेकतो. हजार लिटरची टाकी दोन मिनिटांत रिकामी. विहिरीत पाणी भरपूर असेल तरच तो. टाकीवर चालवायला एक इंची पेट्रोल पंप आणि बंद-चालू होणारे नोझल पुरते. अर्धा इंची बागेचा पाइप मिनिटाला पंधरा-वीस लिटर देतो, म्हणजे हजार लिटर पाऊण-एक तास टिकतात. ठिणग्या विझवायला तो पुरेसा आहे. जोडीला पाठीवरचे १६ लिटरचे दोन फवारणी पंप भरून पडवीत ठेवा, पण औषधाचे वापरलेले नकोत, नवे घ्या.

प्लास्टिकची टाकी आणि पीव्हीसी पाइप आगीत वितळतो. पाइप फूटभर खोल पुरा, जमिनीवर येणारा शेवटचा तुकडा आणि नळ जीआयचा. टाकीभोवती पंधरा फूट गवत नको. आणि पंप पंधरा दिवसांतून एकदा चालू करून पाहणारा माणूस गावात हवा. वर्षभर पडून राहिलेल्या पेट्रोलने कार्ब्युरेटर चोंदतो आणि ऐनवेळी दोरी ओढत बसावे लागते.

आंबराई_दादर
ब्रश कटरबद्दल कोणी बोलले नाही. चिऱ्यांच्या जमिनीवर लोखंडी पाते दगडाला घासून ठिणगी उडते, आणि गवत कापायच्या यंत्रानेच गवत पेटते. दगडाळ जागी नायलॉन दोरीचे मुंडके लावा. काम दव असताना, सकाळी दहाच्या आत आटपा. पेट्रोल भरताना यंत्र दहा मिनिटे निवू द्या आणि कापलेल्या गवतापासून दहा फूट लांब, उघड्या मातीवर भरा. सायलेन्सरला चिकटलेला गवताचा भुसा दर वेळी झटकायचा. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचे, लगेच एसटी पकडायला निघायचे नाही.

दुर्गवारी_डोंबिवली
हाच विषय किल्ल्यांना लागू आहे, म्हणून विचारतो. काही गडांवर नव्याने बसवलेले सागवानी दरवाजे आहेत आणि आजूबाजूला माणूसभर गवत. स्वयंसेवकांनी काय करावे?

चिरेबंदी_परळ
आधी परवानगी. केंद्राचे संरक्षित स्मारक असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचे असेल तर राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, वनक्षेत्रात असेल तर वनखातेही. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्रीय स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. बांधकाम आणि खोदकामाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे, म्हणून चर खणून जाळरेषा काढण्याचा विचारही नको.

परवानगीनंतर दरवाजापासून दोन्ही अंगांना पंधरा फूट गवत हाताने कापून बाहेर न्या, उंबरठ्याखाली आणि बिजागरीच्या खोबणीत साचलेला पाचोळा काढा. ठिणगी तिथेच बसते. तटावरचे वड-पिंपळ ओढून उपटू नका, मूळ दगडांच्या सांध्यांत शिरलेले असते, ओढले की तटाचा तुकडा हातात येतो. आणि ‘स्वच्छता मोहीम’ म्हणून गडावर गवत पेटवणे कधीही नको.

कान्हेरीसारख्या ठिकाणी लाकूड नाही, तरी धोका आहे. शंभरावर लेणी, भोवती राष्ट्रीय उद्यानाचे पानगळीचे जंगल. लेण्याच्या तोंडाशी पाचोळा जळला की काजळी शिलालेखांवर बसते आणि तापलेल्या कातळाची ढलपी सुटते. अक्षरे त्या वरच्याच थरात असतात. एक गेलेले अक्षर परत कोरता येत नाही, म्हणून हे कळकळीने सांगतो.

लिमये_गिरगाव
माथेरानच्या जुन्या बंगल्यांना यातले काय लागू?

रानपाखरू_बोरिवली
छप्पर, वळचण आणि पाच फुटांचा पट्टा जसाच्या तसा. झाडे छाटण्याआधी मात्र स्थानिक वन कार्यालयात विचारा, २००३ पासून तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. सर्वसाधारण मोटारगाड्या वर जात नसल्याने अग्निशमनाची मदत मर्यादित, म्हणून पाण्याचा साठा आणि हाताचे पंप तिथे जास्त महत्त्वाचे.

गडगा_मुलुंड
आणि प्रत्यक्ष आग आली तर? मुंबईहून पोचेपर्यंत सहा-आठ तास जाणार.

रानपाखरू_बोरिवली
म्हणूनच गावातल्या दोन घरांशी आधीच बोलून ठेवा: किल्ली कुठे, पंप कुठे, सिलिंडर कुठे, मेन स्विच कुठे. त्यांना मोबदला ठरवून द्या, उपकारावर ठेवू नका. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६, तातडीसाठी ११२. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाने टिपलेल्या आगीच्या सूचना मोबाइलवर पाठवते, नोंदणी फुकट आहे. त्यातल्या एका उपग्रहाच्या चित्रातला ठोकळा (पिक्सेल) ३७५ मीटरचा असतो आणि तो दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो. त्यामुळे सूचना आली नाही म्हणजे आग नाही, असे समजू नका.

आग दिसली की घरातल्यांनी करायचे ते: खिडक्या-दारे बंद, पडदे काढून खोलीच्या मध्ये, सिलिंडर बंद करून मोकळ्या जागी, गुरे सोडून द्यायची. अंगावर सुती पूर्ण कपडे, टेरिकॉट नको. बाहेर पडायची वाट आधी ठरलेली हवी आणि ती उतारावरच्या गवतातून जाणारी नको. आग कमरेच्या वर असेल तर झुंजायचे नाही.

लहान जाळ झोडपायचा तर ओल्या डहाळीने, आणि जळून गेलेल्या बाजूने कडेकडेने. वरून, तोंडासमोर उभे राहून कधीच नाही. डहाळी आपटून वर उचलली की ठिणग्या पुढे फेकल्या जातात. दाबून ओढायची.

आग गेल्यावर घर सोडून जाऊ नका. पुढचे आठ-दहा तास दर तासाला माळा, वळचण, गोठा, लाकडाची खोली आणि जुने बुंधे तपासायचे. वणवा पुढे गेल्यावर काही तासांनी पेटलेली घरे कमी नाहीत.

लिमये_गिरगाव
विम्याचे एक. एप्रिल २०२१ पासूनच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत वणव्याचा धोका धरलेला असतो. जुन्या दुकान-गोदामाच्या आगविम्यात जंगलातली आग वेगळी जोडून घ्यावी लागते. घर बराच काळ बंद राहते हे अर्जात लिहा. खांब, तुळया, दारे यांचे फोटो मापासकट काढून मुंबईत ठेवा.

आंबराई_दादर
उतार जळालाच तर पावसाळ्याआधी एक काम राहते. राख आणि सुटी माती पहिल्या पावसात खाली येते. जळके बुंधे काढू नका, मुळांनी माती अजून धरलेली असते. तोडलेल्या फांद्या आणि सुटे दगड उताराला आडवे, दहा-बारा फुटांच्या अंतराने रचा. विहिरीचा काठ उताराच्या बाजूने मातीच्या वीतभर बांधाने उंच करा आणि तोंडावर ताडपत्री बांधा, पहिले दोन-तीन पाऊस जाईपर्यंत. राख विहिरीत गेली तर पाणी उपसून टाकल्याशिवाय पिऊ नका.

गडगा_मुलुंड
या शनिवारी दोन माणसे घेऊन जातो आहोत. क्रम असा धरला आहे: छप्पर आणि पन्हळ झाडणे, पाच फूट, उडवी हलवणे, मग पश्चिमेचा उतार. जाळी शुक्रवारी नागदेवीहून. चूक असेल तर आजच सांगा.

चिरेबंदी_परळ
क्रम बरोबर. कौलांवर चढताना शिडी वळचणीच्या रिपेवर टेकवू नका, भिंतीवर टेकवा, आणि पाय कौलाच्या मध्यावर न ठेवता खाली वासा आहे तिथे. झाडलेला पाचोळा गोणीत भरा, अंगणात ढीग नको. गोठ्याचे छप्परही त्याच दिवशी झाडा, ते तुमच्या यादीत नाही.